कासारओळीचं सूत

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकून ऐकणारे अर्ध्यातच पेंगतात, आणि ही गोष्ट पेंगत ऐकायची नाही. मला कीर्तनकारासारखं गाता येत नाही, माझ्यामागे टाळकरी उभे नाहीत. पण चाळीस वर्षं पहिल्या रांगेत बसून एवढं कळलंय, की ऐकणारा जवळ असला म्हणजे सांगणाऱ्याला धीर येतो. मला तो हवा आहे. कारण या गोष्टीतल्या एका कागदावर माझीही सही आहे.

भंडाऱ्यात आमची कासारओळ आहे. एकाच बाजूला एकवीस घरं, एकमेकांना खांदा लावून उभी. समोर मठाची लांब दगडी भिंत. ओळीचं एक टोक बाजाराकडे, दुसरं नदीकडे. एके काळी दर घरातून पितळेवर ठोके पडायचे, आता तीन घरांतून पडतात. बाकी कोणी दुकानात, कोणी नोकरीत. मी बालवाडीत शिकवत होते, आता घरीच असते.

धान घरात आलं, की मार्गशीर्षात आमच्याकडे सप्ताह बसतो. दुपारी चारला कीर्तन, दिवे लागायच्या आत आरती. आमच्या सप्ताहाला देऊळ नाही. महाराज एखाद्या घराच्या ओट्यावर उभे राहतात आणि ऐकणारे समोर रस्त्यावर बसतात. सात दिवस, सात दारं. तीन वर्षांत एकवीस दारांची फेरी पुरी होते. म्हणून फार जुना नियम असा, की ओळीत कोणाचा ओटा दुसऱ्यापेक्षा उंच असता कामा नये. देवाचं नाव सगळ्यांच्या दारात सारख्याच उंचीवरून घेतलं गेलं पाहिजे.

हा नियम पाळला जातोय की नाही, ते बघायला सप्ताहाच्या आदल्या दिवशी आम्ही सूत धरतो. हळदीच्या पाण्यात बुडवलेलं कापसाचं सूत पहिल्या ओट्याच्या कडेपासून सरळ ताणत शेवटच्या घराच्या पलीकडे हातात धरायचं. ज्याच्या कडेनं सूत वर उचललं जाईल, त्यानं रात्र व्हायच्या आत आपला ओटा छाटायचा. माझं लग्न झालं त्या वर्षी सासऱ्यांच्या नव्या फरशीनं सूत बोटभर उचललं होतं. मी नवी नवरी चहा घेऊन बाहेर आले, तर सासरे मांडी घालून स्वतःचाच ओटा छिन्नीनं फोडत बसलेले. मला फार मोठं काहीतरी पाहिल्यासारखं वाटलं. तेव्हापासून मी सगळ्यांना अभिमानानं सांगत आले, की आमच्या ओळीत कोणी वर चढत नाही.

सूत धरण्याचा मान धनीरामभाऊंच्या घराचा. धनीरामभाऊ बहात्तर वर्षांचे, हाताचे तळवे अजून पितळेसारखे कडक, आणि बोलणं त्याहून कडक.

आता खरी गोष्ट. मागच्या उन्हाळ्यात घरांच्या भिंतींवर लाल रंगाच्या फुल्या मारल्या गेल्या. रस्ता रुंद होणार, प्रत्येक घराचं समोरचं आठ फूट जाणार. ओटा तर जाईलच, पुढची खोलीही जाईल. त्याच सुमारास कळलं, की शहरातल्या जुन्या वस्त्यांची यादी होतेय. वारसा परिसर म्हणून ज्या वस्तीचं नाव लागेल, तिच्या दगडाला कोणी हात लावणार नाही. धनीरामभाऊ कागद घेऊन कचेरीत हेलपाटे घालू लागले. एक दिवस हसत परत आले. माझ्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, "कौशल्याबाई, ते लोक म्हनतात का ओळ जशी होती तशीच हाये, हे दाखवा. अजी, आपल्याजवळ सूत हाये! एवढा पुरावा साऱ्या भंडाऱ्यात कोनाजवळ हाये?"

आणि हसता हसता त्यांची नजर नदीकडच्या टोकाला गेली. माझीही गेली.

तिथं एकविसावं घर निर्मलाचं. तिचा नवरा जीवन आमच्या सप्ताहाचा मृदंगवाला. अठरा वर्षं त्यानं वाजवलं. मग एका सकाळी त्याचं उजवं अंग गेलं, वाचाही गेली. समोरच्या खोलीत खाटेवर पडून असायचा. मोठा पूर आला तेव्हा आमच्या घरांत पाणी घोट्याएवढं चढलं आणि निर्मलाच्या घरात गुडघ्याएवढं. खाटेची नवार भिजली. चौघांनी जीवनला उचलून बाहेर काढलं. आम्ही म्हटलं, शेवटचं घर, उतार तिकडेच, काय करणार. पूर ओसरल्यावर तिचा मुलगा सचिन शहापूरहून आला, तिथं तो गाड्या दुरुस्त करतो. पंधरा दिवस राहून त्यानं समोरची खोली आणि ओटा दोन्ही दीड हात उंच करून दिले.

त्या वर्षी सूत तिच्या ओट्यावर गेलं आणि असं टणकन उचललं, की शेजारच्या घराची कड सोडून हवेत तरंगू लागलं.

"निर्मला, छाटा लागते," धनीरामभाऊ म्हणाले.

"छाटतो न जी भाऊजी," ती म्हणाली. "पन आंधी नदीले सांगून या, का माह्या घरात येऊ नको म्हना."

लोक हसले. धनीरामभाऊ हसले नाहीत. त्या दिवसापासून सूत विसाव्या घरापाशी थांबू लागलं. पुढं निर्मलाच्या दाराची पाळी आली तेव्हा कीर्तन विसाव्या घरासमोर झालं. कोणी भांडलं नाही. प्रसाद तिच्या घरी पोचवला. मीच नेऊन दिला.

तर आता अर्ज करायचा होता. माझ्या ओट्यावर बैठक बसली. धनीरामभाऊ म्हणाले, "एक घर उंच दिसलं, तर सारी ओळ खोटी पडते. वीस घरांचाच अर्ज देऊ. ते तर टोकाचं घर. हद्द त्याच्या अलीकडे संपली, त कोनाले समजते?"

सगळ्यांना समजत होतं. हद्दीबाहेर राहिलेल्या घराचे आठ फूट जाणार, म्हणजे समोरची खोली जाणार, म्हणजे जीवनची खाट जिथं आहे ती जागा जाणार. कोणी ते मोठ्यानं बोललं नाही. पेन फिरत फिरत माझ्याकडे आलं. मी सही केली. नीट, वळणदार अक्षरात केली, लेकरांना शिकवायची तशी.

त्यानंतर मला स्वस्थता म्हणून मिळेना. जपाला बसले, की मणी कुठपर्यंत आले ते विसरायची. चुलीवरचं दूध उतू जायचं. दुपारी दोन-तीनदा उगाच दारात येऊन नदीकडच्या टोकाला पाहायची. निर्मला वाळवण घालताना दिसली, की आत पळायची. एकदा तिनंच हाक मारली, "काकी, काहून लपून राहिल्या? मी का वसुलीले आली का?" मी म्हटलं, "कढी उतू जाऊन राहिली वो." कढी त्या दिवशी नव्हतीच.

मार्गशीर्ष आला. ओळ पाहायला नागपूरहून हर्षा मॅडम येणार, त्या पाहतील तसं लिहितील आणि त्यावरच यादीत नाव लागणार, असा निरोप आला. दिवस ठरला सप्ताहाचा पाचवा. यंदा पाळी शेवटच्या सात दारांची होती, सातवा दिवस निर्मलाच्या दाराचा. धनीरामभाऊंनी तो पुन्हा विसाव्या घरावर टाकला. आणि पहिल्याच दिवशी मंडपवाल्याकडून मोठा निळा पडदा आणून ओळीच्या टोकाला, बरोबर निर्मलाच्या घरासमोर बांधला.

"नदीचा वारा थंड येऊन राहिला," ते म्हणाले. "म्हाताऱ्या मानसांले सोसत नाही."

"माह्या घरात उजेड नाही येऊन राहिला भाऊजी," पडद्यामागून निर्मलाचा आवाज आला.

"सात दिवसांचा सवाल हाये, माय."

कीर्तनाला दिघोरीचे सुखराम महाराज आले होते. स्वतः धानाचे शेतकरी, लाखांदूरहून एसटीनं येतात, खांद्यावर वीणा आणि पिशवीत मुरमुरे. त्यांची सवय अशी, की रंगात आलेलं आख्यान मध्येच थांबवून एखाद्याला नावानं विचारतात. पहिल्याच दिवशी पडद्याकडे पाहून ते म्हणाले, "धनीरामजी, यंदा नाटक बसवलं का काय? पडदा मोठा हाये." लोक हसले. धनीरामभाऊंनी घाम पुसला. वारा थंड होता म्हणे.

पाचव्या दिवशी दुपारी हर्षा मॅडम आल्या. तिशीतली मुलगी, पायात बूट, हातात टेप आणि तिकाटण्यावरचं एक यंत्र. धनीरामभाऊंनी त्यांना पहिल्या घरापासून न्यायला सुरुवात केली. आम्ही मागेमागे. मॅडमनी माझ्या दाराशी वाकून चौकटीच्या पायाशी बोट ठेवलं. आमच्या साऱ्या चौकटींच्या तळाशी एक कोरीवकाम आहे, फरशीतून वर येणाऱ्या पाकळ्या, अर्धगोल.

"हे काय आहे?"

"उगवता सूर्य, मॅडम," मी म्हटलं. "आमच्या पूर्वजांनी दारोदारी कोरला. रथसप्तमीले आमी याचीच पूजा करतो. दूध उतू घालतो इथं."

"किती वर्षांपासून?"

"मी आली तेव्हापासून तर करून राहिली."

त्या खाली बसल्या. मोबाईलचा उजेड टाकून पाकळ्यांकडे पाहत राहिल्या. मग पुढच्या दाराशी गेल्या, मग त्याच्या पुढच्या. परत येऊन म्हणाल्या, "काकू, हा सूर्य नाही. हे कमळ आहे. खालच्या अर्ध्या पाकळ्या तुमच्या फरशीखाली आहेत."

धनीरामभाऊ म्हणाले, "तसं कसं होईन? आमच्या इथं कोनी ओटा वर घेतच नाही. थांबा, सूत दाखवतो." त्यांनी घरातून सूत आणवलं, पहिल्या ओट्यापासून विसाव्यापर्यंत ताणलं. वीस कडांना सूत असं बसलं, जसं तांब्याच्या काठाला कल्हई बसावी. धनीरामभाऊंची मान ताठ झाली.

मॅडमनी यंत्रातून पाहिलं, वहीत लिहिलं. "सूत बरोबर आहे. तुम्ही सगळे एका पातळीत आहात. पण ही पातळीच नऊ इंच वर आलेली आहे. कोणी एकट्यानं घेतली नाही. सगळ्यांनी मिळून घेतली."

मग एकेकाला आठवू लागलं. रस्त्यावर नवा थर पडला, की घरं खाली जायची. मग त्याच उन्हाळ्यात सगळे मिळून ओटे नवे करायचे. जुने काळे दगड उपसायचे, मुरूम भरायचा, वर फरशी. असं दोनदा झालं होतं. सूत दर वर्षी जुळायचं, कारण सगळेच चढलेले. ते जुने दगड? माझ्या ओट्याचा दगड मागच्या मोरीत आहे. त्यावर मी लग्न झाल्यापासून कपडे आपटतेय.

"मग जुन्या पातळीचं एकही घर उरलं नाही?" मॅडमनी विचारलं. "तसं असेल, तर ही ओळ जशीच्या तशी आहे असं मी कोणत्या तोंडानं लिहू?"

धनीरामभाऊंचा चेहरा उतरला. तेवढ्यात चार वाजले, टाळ वाजले आणि कीर्तन सुरू झालं. मॅडम पहिल्या रांगेत माझ्याशेजारी बसल्या. महाराज पाहुण्याचं आख्यान सांगत होते. देव वेश पालटून गावात येतो आणि प्रत्येक दार त्याला म्हणतं, पुढच्या दारी जा. गाणं वर चढलं, मृदंग घुमू लागला. अन् महाराजांनी एकदम हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मृदंग थांबला, टाळ थांबले. पण ठेका थांबला नाही. पडद्यामागून, लाकडावर बोटांनी, अगदी मात्रेत, चार ठोके आले. मग तेही थांबले.

"हे कोन वाजवून राहिलं?" महाराजांनी विचारलं.

टाळकरी टाळांच्या दोऱ्या नीट करू लागले.

"मी वेडा नाही जी. माह्या मृदंगवाल्यापेक्षा बरा ठेका होता. त्याले राग आला तरी चालन."

नवा मृदंगवालाच खाली मान घालून म्हणाला, "जीवनभाऊ हाय महाराज. डाव्या हातानं खाटेवर वाजवते."

हर्षा मॅडम उठल्या आणि सरळ जाऊन पडदा बाजूला केला. दीड हात उंच ओट्यावर निर्मला बसली होती, मांडीवर तांदळाचं सूप, खडे वेचत. पाहुणीला बघून तिनं पदर नीट केला.

"या मॅडम, वर या. आमचं घर उंच हाये, म्हनून झाकून ठेवलं."

मॅडम वर चढल्या. मग मला दिसलं, की त्या तिच्या चौकटीपाशी गुडघ्यांवर बसल्यात. सचिननं सिमेंट घातलं तेव्हा निर्मलानं त्याला सांगितलं होतं, चौकटीला लावू नको, लाकूड सडते. त्यानं चौकटीभोवती चार बोटं फट सोडली होती. त्या फटीत मॅडमनी उजेड टाकला. बोटानं माती झाडली. मग म्हणाल्या, "इथं अख्खं कमळ आहे. आणि त्याच्याखाली काळा दगडही जागच्या जागी आहे."

असणारच. दोन्ही वेळा ओळ वर चढली तेव्हा जीवनच्या घरचे 'पुढच्या वर्षी करू' म्हणाले होते. त्याचा ओटा नऊ इंच खाली राहिला. सूत त्याच्या ओट्याच्या वरून निघून जायचं आणि आम्ही म्हणायचो, जुळलं! वर आलेल्याला ते सूत पकडायचं. खाली राहिलेल्याचं त्याला काही कळायचं नाही. आम्हालाही कळलं नाही. पुराचं पाणी त्याच्या घरात गुडघाभर का चढलं, हे मला त्या क्षणी, तिथं उभ्या उभ्या कळलं.

मॅडमनी वही उलटली. "पण अर्जात वीसच घरं आहेत. या घराचं नाव नाही."

"अर्ज? कायचा अर्ज?" निर्मला म्हणाली.

मॅडम बिचाऱ्या परक्या. त्यांनी सरळ वाचून दाखवलं. हद्द कुठं संपते ते वाचलं. मग खालच्या सह्या. धनीराम. बाबूलाल. एकेक नाव, आणि एकेक मान खाली. सातवं नाव माझं.

निर्मलानं सूप बाजूला ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. "काकी, तुमीबी?"

एवढंच म्हणाली, आत गेली आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी कीर्तन तिथंच संपलं. महाराजांनी आरतीही बसूनच म्हटली.

जाताना मॅडम म्हणाल्या, "हे घर धरलं, तर मला खात्रीनं लिहिता येईल. उंच केलेला भाग नंतरचा आहे, तशी नोंद होईल. पण नाव घालायला घरच्यांची सही लागते. परवा संध्याकाळी मी परत जाणार. त्यांनी नको म्हटलं, तर मी आग्रह करणार नाही."

सहावा दिवस कसा गेला, काय सांगू. ओळीत कोणी एका जागी बसत नव्हतं. बायका वाट्या घेऊन निर्मलाच्या दाराशी जायच्या, वाट्या घेऊन परत यायच्या. माझ्या शेजारचा बाबूलाल चारदा पानठेल्यावर गेला आणि चारही वेळा पान विसरून आला. धनीरामभाऊ आपल्या ओट्यावर उकिडवे बसून फरशीवर बोट ओढत होते. दुपारी मी गेले. कडी वाजवली.

"उघडं नाही," आतून आवाज आला.

"निर्मला, मी कौशल्या."

"ठाऊक हाये. चप्पल वळखतो मी तुमची."

मी दारापाशी बसले. चप्पल काढून बाजूला ठेवली. शेवटी म्हटलं, "माह्या हातून चूक झाली वो."

आत खाट करकरली. मग ती दाराच्या अगदी पलीकडून, हळू आवाजात बोलली. "काकी, पुराच्या दिवशी पानी खाटेले लागलं न, तवा मी का विचार करून राहिली होती, सांगू? म्हटलं, देवा, साऱ्या ओळीत उतार माह्याच घराकडे काहून देल्ला? आता समजलं. देवाचं नाव उगाच घेतलं. उतार तर तुमी लोकांनं केला."

मी तिथून उठले. त्या दिवशी महाराजांनी काय गायलं, मला एक ओळ आठवत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कीर्तनात बसूनही कीर्तन ऐकलं नाही.

सातव्या दिवशी सकाळी सात वाजता लोखंडाचा आवाज आला. बाहेर येऊन बघते, तर धनीरामभाऊ हातात लोखंडी पहार, आमच्याकडची सब्बल, घेऊन स्वतःचा ओटा फोडत होते. दोन फरश्या उडाल्या होत्या, मुरूम रस्त्यावर पसरला होता, चौकटीपाशी चार खालच्या पाकळ्या उघड्या पडल्या होत्या, मातीनं माखलेल्या.

"अजी भाऊ, हे काय?"

"सरका कौशल्याबाई. नऊ इंच खाली जातो. जवा सारे खाली जाऊ, तवा तिच्या दाराशी उभं राहाचं तोंड राहीन." ते धापा टाकत होते. "तुमीबी फोडा. साऱ्यांनं फोडा."

बाबूलाल म्हणाला, "आन पानी आलं त?"

"येऊ दे! तिच्या घरी नाही आलं?"

सब्बल पुन्हा वर गेली आणि खाली आली. तेवढ्यात निर्मला आपल्या ओट्यावरून उतरली आणि अनवाणी, तशीच धावत आली. दोन दिवसांनी मी तिचा चेहरा पाहत होते. तिनं सब्बल दोन्ही हातांनी धरली.

"भाऊजी, ठेवा खाली."

"सोड."

"ठेवा म्हनतो न! तुमचं वय का? पुढच्या पुरात तुमच्या घरात गुडघाभर पानी शिरन. कोन उचलन तुमाले? ह्यायले चौघांनं उचललं, तुमाले आठ लागतीन, एवढं जड बोलता तुमी."

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. धनीरामभाऊंनी सब्बल सोडली नाही. "मंग मी करू का, सांग. माह्या बापानं सूत धरलं, मी धरलं. आन तू साऱ्यांच्या खाली होती, हे मले दिसलं नाही."

"मले तरी कुठी दिसलं? मी त देवाले शिव्या देत होती," निर्मला म्हणाली. तिनं सब्बल त्यांच्या हातातून काढून भिंतीला उभी केली. "कोनी खाली येऊ नका. खाली येऊन का भेटते? थंडं पानी भेटते. तुमी जेवढे वर हा, तेवढे राहा. मलेबी माह्या उंचीवर राहू द्या. मॅडमले म्हना, मी सही करतो. पन कागदावर लिहा, का हा ओटा पुरानं वर नेला. कोनाच्या गर्वानं नाही."

"लिहू," धनीरामभाऊ म्हणाले.

"आन तो पडदा काढा. माह्या घरी कुबट वास येऊन राहिला."

पडदा आम्ही पाच बायकांनी सोडला. मी गाठ सोडताना नख मोडलं आणि मला फार बरं वाटलं.

त्या दुपारी काल्याचं कीर्तन निर्मलाच्या ओट्यावर झालं. महाराजांचे गुडघे दुखरे, त्यांना वर चढवायला स्टूल आणावं लागलं. वर उभे राहून त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "इतकी वर्षं मांग बसनारे मले दिसत नव्हते. आज समजलं, कोन कोन झोपते." लोक पोट धरून हसले. जीवनची खाट दाराच्या तोंडाशी आणली होती. मृदंगवाल्यानं मृदंग त्याच्या डाव्या हाताजवळ ठेवला. एका हातानं मृदंग कसा वाजतो, ते मी सांगू शकत नाही. अर्धे बोल होते. उरलेले अर्धे आम्ही टाळ्यांनी भरले, चुकत, पुढेमागे होत. हर्षा मॅडमही टाळ्या वाजवत होत्या, त्यांचा ताल सगळ्यांत वाईट. दहीकाल्याआधी निर्मलानं ओट्यावरच बसून सही केली. एकविसावी. अक्षर माझ्यासारखं वळणदार नाही, पण खोल उमटलं. मागच्या पानावरही दिसतं.

निकाल अजून आलेला नाही. कागद कुठल्या टेबलावर आहे, कोणी सांगत नाही. लाल फुल्या भिंतीवर तशाच आहेत. रस्त्यात मोजमाप घेणारी कुठलीही माणसं दिसली, की सारी ओळ कामं टाकून बघत राहते. मी अजूनही दुपारी दोन-तीनदा दारात येते. नाव लागेल की नाही, ओळ राहील की जाईल, मला खरंच माहीत नाही. झोप पूर्वीसारखी लागत नाही. राहिली तर एकवीस घरं राहतील, गेली तर एकवीस जातील, एवढं मात्र आता ठरलेलं आहे.

तुम्ही शेवटपर्यंत जागे बसलात, म्हणून एक मागणं मागते. निकाल काहीही लागो. आषाढ-श्रावणात वैनगंगा चढल्याची बातमी कानावर आली, की एक क्षण थांबा आणि आमच्या निर्मलाला आठवा. जिला आम्ही कागदातून गाळलं आणि जिनं आम्हाला पाण्यात उतरू दिलं नाही, तिला. माझ्यासाठी एवढं कराच.